मोडीत गेलेले दिवे

मंडळी, पोस्ट लांब आहे. दिवाळीची साफसफाई सुरू व्हायच्या आत वाचून काढा. माळ्यावर चढायच्या आधी तर नक्कीच.

मागच्या दिवाळीत माझ्या मामेबहिणीच्या पोरीनं इंग्लंडहून एक व्हिडिओ पाठवला. ती तिकडं नोकरीला आहे. तिथल्या एका म्युझियममध्ये दिवाळी साजरी करत होते. मोठा हॉल, मधोमध रांगोळी, एका टेबलाभोवती सगळ्या रंगांची पोरं मातीच्या पणत्या रंगवत बसलेली, पलीकडं कुणीतरी तबला वाजवतंय. इथपर्यंत मी कौतुकानं बघितलं. मग तिनं मोबाइल एका काचेच्या कपाटाकडं वळवला. आत लामणदिवा टांगलेला. पितळी, पाच वातींचा, साखळीवर मोर. खाली इंग्रजीत चिठ्ठी, तिच्यावर एवढंच : तेलाचा दिवा, पितळ, पश्चिम भारत, एकोणिसावं शतक.

व्हिडिओखाली पोरीनं लिहिलं होतं, "मामा, आई म्हणते पणजीकडं अगदी असाच होता. तो आता कुणाकडं आहे?"

मला माहीत होतं. मीच तो मोडीत घालून आलो होतो.

दहावीची परीक्षा झाली होती आणि मी सुट्टीला मामाकडं गेलो होतो. आजीचं मूळ गाव भीमेच्या काठचं, धरणात गेलेलं. नव्या गावठाणातल्या घराला माजघर नव्हतं, तुळई नव्हती, दिवा टांगायला कडी नव्हती. उठवून आणला तेव्हापासून तो पोत्यात बांधून माळ्यावर पडलेला. त्या उन्हाळ्यात मामीला पाण्यासाठी स्टीलचं पिंप पाहिजे होतं. पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधून मी बाजारात नेलं. भांडेवाल्यानं तराजूत टाकलं, साडेतीन किलो भरलं, घट वजा केली, वर मामानं दिलेले पैसे मी मोजले आणि पिंप घेऊन आलो. आजीची काही तक्रार नव्हती. पिंप बघून तीही खूश. फक्त जाताना तिनं दिव्याची साखळी तेवढी काढून घेतली होती. म्हणाली, "पाळण्याला व्हईल."

हे सांगून रडगाणं गायचं नाही मला. पाण्याचं पिंप ही त्या घराची गरज होती आणि दिवा बिनकामाचा झाला होता. प्रश्न वेगळा आहे. जी वस्तू तिकडं काचेत ठेवून तिच्यासमोर दिवाळी साजरी करतात, ती आपल्याकडं किलोवर कशी गेली? आणि आपल्या भागातून अशा किती गेल्या?

आधी हे बघू की घरात तिचं स्थान काय होतं. आजच्या पोरांना आषाढातली अमावस्या गटारी म्हणून ठाऊक आहे. असो, त्यावर बोलायला लागलो तर पोस्ट भलतीकडं जाईल. पण आपल्या आज्या तिला दिव्याची आवस म्हणायच्या. त्या दिवशी घरातले सगळे दिवे बाहेर निघायचे. समई, निरांजनं, पंचारती, लामणदिवा, ठाणवई, गोठ्यात न्यायचा हातदिवा. चिंच आणि राख लावून घासायचे, पाटावर ओळीनं मांडायचे, भोवती रांगोळी, हळदकुंकू, आणि नैवेद्याला कणकेचे नाहीतर बाजरीचे गोड दिवे. म्हणजे वर्षातनं एकदा दिव्यांची हजेरी व्हायची. कुठल्याचा पाय हलतोय, कुठल्याची कडी झिजलीय, कुठला थोरल्या सुनेच्या माहेरनं आला, सगळं त्या दिवशी बोललं जायचं. पोरं ऐकत असायची. काचेचं कपाट नव्हतं, तिकीट नव्हतं, पण ते घरोघरचं म्युझियमच होतं. तीन-साडेतीन महिन्यांनी दिवाळी यायची तेव्हा दिवे तयार असायचे आणि त्यांची माहिती डोक्यात ताजी असायची.

लामणदिवा तर डोकं लावून केलेली वस्तू. 'दिव्याखाली अंधार' ही आपली म्हण समईला लागू पडते, लामणदिव्याला नाही. तो वरून टांगलेला, त्यामुळं खाली बसून पोथी वाचता येते, दळता येतं. अधांतरी असल्यानं तेलाला उंदीर लागत नाहीत. हललं तरी तेल सांडत नाही, कारण वजन खाली आणि आधार वर. लग्नात हाच दिवा हातात धरून बाई बोहल्यापाशी उभी राहते. हे दिवे ओतारी घडवायचे. मेणाचा साचा करायचा, त्यावर माती लिंपायची, भाजली की मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओतायचा. साचा फोडल्याशिवाय दिवा निघत नाही, म्हणून एका साच्याचा एकच दिवा. मोर, हंस, हत्ती, हातात पणती धरलेली दीपलक्ष्मी, सगळं असंच. आपण ज्याला 'साडेतीन किलो' म्हणालो त्याची जोडी जगात कुठंच नव्हती.

तेल आपल्या भागात बहुतेक करडईचं नाहीतर एरंडीचं. इंदापूर-करमाळ्याच्या कोरडवाहू काळ्या रानात रब्बीची ज्वारी आणि पाटाला करडई, हा नेम होता. म्हणजे दिवा ओताऱ्याचा, तेल तेल्याच्या घाण्यावरचं, वात घरच्या कापसाची, पणती कुंभाराची. एक दिवा लागायला अख्खं गाव लागायचं.

हे चक्र मोडायला सुरुवात झाली ती भिगवणच्या उंबऱ्यावरच. १८५८ साली पुण्याहून डिकसळपर्यंत आगगाडी आली. काही काळ डिकसळ हेच शेवटचं स्टेशन होतं. पुढं १८६० मध्ये गाडी सोलापूरला पोचली. आपण इतिहास म्हटलं की किल्ले आणि लढाया धरून बसतो, पण या रुळांनी आपल्या घरातला उजेड बदलला. एकोणिसावं शतक संपता संपता याच रुळांवरून परदेशी रॉकेलचे पत्र्याचे डबे खेडोपाडी पसरले. 'घासलेट' हा शब्द 'गॅसलाइट'वरून आला असं म्हणतात. रॉकेलला समई चालत नाही, त्याला चिमणी लागते, काच लागते. म्हणून कंदील आले, तेही आधी परदेशी.

इथं एका मराठी कारखान्याचं नाव घेतलंच पाहिजे. १९१६ मध्ये कराडजवळ, औंध संस्थानात, ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. ती जागा पुढं ओगलेवाडी म्हणूनच प्रसिद्ध झाली. त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघर लटकला. पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, अभ्यास प्रभाकर कंदिलाखाली झालाय असं सांगणारे भेटतील. परदेशी कंदिलाला देशी उत्तर म्हणून तो अभिमानाचा होता आणि असायलाच पाहिजे. पण त्याच अभिमानाच्या कंदिलानं घरातला लामणदिवा देवापुरता केला. मग वीज आली, आणि देवापुरतंही एक निरांजन पुरायला लागलं.

शेवटचा घाव उजनीनं घातला. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. ११७ टीएमसी हा आकडा आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. या पाण्यानं ऊस दिला, मासा दिला, सोलापूरला प्यायला पाणी दिलं, भिगवणला मासळीबाजार दिला. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांच्यामागं दुर्बिणी गळ्यात घातलेले पुणे-मुंबईचे लोक येतात, कुंभारगाव-डिकसळच्या पोरांना नावेचे चार पैसे मिळतात. सगळं मान्य. पण काठची गावं उठली तेव्हा माणसांनी बैलगाडीत आणि ट्रॅक्टरात काय काय भरलं याचा हिशोब कुणी मांडला नाही. दारं-चौकटी आणल्या, कारण लाकडाला किंमत होती. देव आणले. जातं आणलं. घंगाळ, हंडे, दिवे आणले, पण नव्या पत्र्याच्या घरात ठेवायला जागा नव्हती. शासनाच्या नोंदीत जमीन आली, घर आलं, विहीर आली, झाडंसुद्धा मोजली. दिवा कुठल्या रकान्यात लिहिणार? पुढच्या दहा-वीस वर्षांत ते सगळं हळूहळू तराजूत गेलं. आमच्या घरासारखंच.

पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ दुष्काळी उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं तेव्हा आपण सगळे फोटो काढायला पळतो. मीही बातम्या केल्यात. दरवेळी तीच बातमी : 'पाण्याखालचं मंदिर उघडं पडलं.' देऊळ दगडाचं, म्हणून दर काही वर्षांनी वर येऊन आपली आठवण करून देतं. पितळ वितळलं की पुन्हा वर येत नाही.

आता पुण्याला चला. भिगवणहून गाडीत बसलात तर दोन-अडीच तास.

बाजीराव रस्त्याजवळ, शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत बरेच जण जाऊन आले असतील, आणि 'मस्तानी महाल' बघून बाहेर पडले असतील. पुन्हा जा. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हा मूळचा कवी माणूस, 'अज्ञातवासी' या टोपणनावानं लिहिणारा. घरचा धंदा चष्म्यांचा. १९२० च्या सुमाराला त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. तो काळ बघा. जुने वाडे पडत होते, वाटण्या होत होत्या, तांब्या-पितळेचं सामान मोडीत निघत होतं. केळकर वाड्यांत, बाजारांत, खेड्यापाड्यांत फिरले आणि लोक ज्याला अडगळ म्हणत होते ते गोळा करत गेले. अडकित्ते, पानाचे डबे, कुलपं, दौती, फण्या, सारीपाट, कोरीव दारं, वाद्यं. आणि दिवे. लामणदिवे, समया, दीपलक्ष्म्या, दक्षिणेतले, गुजरातेतले, राजस्थानातले. अभ्यंगस्नानाला पाय घासायच्या वज्रीसुद्धा त्यांनी जमवल्या. दिवाळीच्या पहाटे आपण टाचा घासतो त्या वस्तूतही कुणी एकेकाळी पक्षी-प्राणी घडवले होते, हे मला तिथं जाऊन कळलं.

त्यांचा एकुलता मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला त्याचंच नाव आहे. पत्नी कमलाबाईंनी या वेडात साथ दिली. १९६० पर्यंत संग्रह १५ हजारांच्या घरात गेला होता, १९७५ मध्ये केळकरांनी तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला. आज तिथं २० हजारांहून जास्त वस्तू आहेत, जागेअभावी त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या असतात. १९६१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागानं केळकरांचं भारतातल्या दिव्यांवरचं इंग्रजी पुस्तक छापलं. म्हणजे ज्या वर्षांत आपण दिवे विकायच्या तयारीला लागलो होतो, त्याच वर्षांत एक माणूस ते कसे असतात हे देशाला सांगत होता.

केळकर राजे नव्हते, हे मला महत्त्वाचं वाटतं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये औंधला भवानी संग्रहालय उभं केलं, उत्तमच आहे ते, पण ते संस्थानिक होते. केळकर तुमच्या-आमच्यासारखे दुकानदार. एका माणसानं चिकाटीनं गोळा केलं तर एवढं उरतं. आपल्याकडं तसा माणूस झाला नाही, किंवा झाला असेल तर आपण त्याला वेडा म्हणून घरी बसवला असेल.

म्युझियमला नावं ठेवायचीही एक जागा आहे, तीही सांगतो. कपाटात जे दिवे असतात ते बहुतेक पितळेचे, नक्षीचे, म्हणजे बऱ्यापैकी खाऊन-पिऊन असलेल्या घरांतले. ज्यांच्याकडं पितळच नव्हतं त्यांच्या घरी काय जळत होतं? कुंभाराची पणती. पुढं शाईच्या दौतीच्या झाकणाला भोक पाडून केलेली चिमणी. भोई समाजाच्या माणसांनी रात्री जाळी टाकताना नावेत ठेवलेला कंदील. वस्तीवरच्या मजुराच्या पोरानं ज्याच्यावर बारावी काढली तो रॉकेलचा टेंभा. हे दिवे जगातल्या कुठल्या कपाटात सहसा दिसत नाहीत, कारण ते विकायच्याही लायकीचे नव्हते. फेकून दिले. इतिहास लिहायला बसलं की आधी हेच सुटतं.

पुन्हा इंग्लंडकडं येतो. तिकडं आपल्या वस्तू गेल्या कशा? सगळ्याच काही लुटून नेल्या नाहीत, काही विकत घेतल्या, काही प्रदर्शनांसाठी मुद्दाम करवून घेतल्या. ईस्ट इंडिया कंपनीनं १८०१ मध्ये लंडनला स्वतःचं 'इंडिया म्युझियम' काढलं होतं. १८७९ मध्ये ते बंद करून त्यातल्या वस्तू वाटून टाकल्या, बराचसा वाटा साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडं गेला. तेच आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. जुलै २०२४ ला साताऱ्याला वाघनखं आली ती तिथूनच, तीन वर्षांच्या बोलीवर.

पण आता तिकडचीही हवा बदललीय. मँचेस्टर म्युझियममध्ये फेब्रुवारी २०२३ पासून दक्षिण आशियासाठी कायमचं स्वतंत्र दालन आहे, ब्रिटिश म्युझियमच्या भागीदारीतलं. ते मांडायला म्युझियमच्या साहेबांनी एकट्यानं ठरवलं नाही. तिथं राहणाऱ्या भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, श्रीलंकन मुळाच्या ३० माणसांचा गट केला आणि काय ठेवायचं, त्याखाली काय लिहायचं हे त्यांना ठरवू दिलं. ज्यांची वस्तू, त्यांनीच तिच्याबद्दल बोलायचं. एवढी साधी गोष्ट समजायला दोनशे वर्षं गेली, पण समजली.

'दक्षिण आशियाई वारसा' हा शब्द आपल्या कानाला जड वाटतो. इथं आपण इंदापूरचे आणि बारामतीचे वेगळे धरतो. तिकडं गेलं की लाहोर, ढाका, काठमांडू, कोलंबो आणि भिगवण एकाच कपाटात. मला आधी ते खटकलं. मग हायवेवरच्या चायनीजच्या गाड्यावरच्या नेपाळी पोराशी बोललो. त्यांची तिहार पाच दिवसांची. पहिल्या दिवशी कावळ्याला घास, दुसऱ्या दिवशी कुत्र्याला टिळा आणि माळ, मग गाय आणि लक्ष्मी, शेवटी भावाला ओवाळणं. आपण वसुबारसेला गाय पूजतो आणि भाऊबीजेला ओवाळतो, ते काय निराळं आहे? आपल्याकडं कुत्र्याला माळ नाही एवढंच. काठमांडूच्या नेवार लोकांत 'सुकुंदा' नावाचा दिवा असतो, गणपती आणि तेलाचं भांडं एकत्र असलेला. ओतायची रीत तीच, मेणाच्या साच्याची. बंगालात त्या रात्री कालीपूजा, शिखांकडं गुरू हरगोविंद ग्वाल्हेरच्या कैदेतून सुटल्याचा दिवस, जैनांकडं महावीरांचं निर्वाण. गोष्टी वेगळ्या, दिवा एकच.

आणि आपली स्वतःची गोष्ट? पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी १९४५ च्या सुमाराला दिवाळीच्या इतिहासावर निबंध लिहिला, जुन्या ग्रंथांतले उल्लेख एकेक करून जमवले. अल्बेरूनी या परदेशी विद्वानानं जवळजवळ हजार वर्षांपूर्वी दिवाळीबद्दल लिहून ठेवलंय, त्यात काय आहे माहितेय? की या दिवशी लक्ष्मी बळीराजाला वर्षातनं एकदा पाताळातून सोडवते आणि म्हणून या दिवसाला बळीराज्य म्हणतात. आपल्या आया-बहिणी पाडव्याला ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात ना? तो बळी हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकात आहे. अंगणात शेणाच्या गवळणी आणि पांडव घालतात, पोरं मातीचा किल्ला करून त्यावर अळीव पेरतात, गुराखी घरोघर ओवाळायला येतात, ही आपली दिवाळी. ती सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीत सापडणार नाही.

१० डिसेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्यावर भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत दीपावलीचं नाव मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. आपल्या ग्रुपवरही अभिनंदनाचे मेसेज फिरले, मीही एक टाकला. 'अमूर्त' म्हणजे हात लावता येत नाही असा वारसा : रीत, गाणं, कसब. यादीत नाव गेलं हे चांगलंच झालं. पण यादी करणारे दिल्लीत आणि पॅरिसमध्ये. गवळणी घालणारी बाई इथं सत्तरीला आली आहे, तिच्या सुनेच्या दारात फरशी आहे, आणि फरशीवर शेण चालत नाही. ओतारी तर मला पंचक्रोशीत शोधूनही सापडला नाही. त्यांची पोरं एमआयडीसीत लागली, बरंच झालं त्यांचं.

म्हणून काही मित्रांनी मिळून एक ठरवलंय. म्युझियम वगैरे मोठा शब्द नको. त्यासाठी इमारत, समिती, मग समितीत भांडणं, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर दोन गट, हे सगळं मी वीस वर्षं बातम्यांत बघतोय. आपण एक संध्याकाळ करू. पाडव्याच्या दिवशी, ऊन उतरल्यावर, ज्यांच्याकडं जुना दिवा आहे त्यांनी तो आणायचा आणि पाटावर मांडायचा. दिव्याची आवसच, फक्त एका घराची नाही, सगळ्या काठाची. जागा ठरली की खाली कळवतो.

काय आणायचं? काहीही, ज्यानं उजेड दिला. पितळेचा लामणदिवा आणा, दौतीची चिमणी आणा. प्रभाकर कंदिलाची नुसती काच उरली असेल तर काच आणा. नावेतला कंदील आणा. गॅसबत्ती, जी लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन बायका चालायच्या, तीही आणा, आणि ती डोक्यावर कोण घ्यायचं हेही सांगा. वरातीत ज्यांच्या डोक्यावर बत्ती होती त्यांना वरातीच्या फोटोत कुणी घेतलं नाही.

दिव्यासोबत एक चिठ्ठी पाहिजे. इंग्लंडातल्या त्या चिठ्ठीवर 'पश्चिम भारत' होतं, आपण तसं करायचं नाही. चार ओळी लिहा : दिवा कुणाच्या हातचा, कुठल्या गावचा, घरात कुठं असायचा, शेवटचा कधी लागला. गाव बुडालेलं असेल तर बुडालेल्या गावाचंच नाव टाका, नव्या गावठाणाचं नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारूनच लिहा. लिहिता येत नसेल त्याच्यासाठी आमची कॉलेजची पोरं वही-पेन घेऊन बसतील.

एक विनंती बायकांना आणि उत्साही पोरांना : दिवा आणायच्या आधी पावडर, लिंबू, ॲसिड लावून चकाचक करू नका. धूळ मऊ फडक्यानं पुसा, बास. काळवंडलेपण हे त्याचं वय आहे, आणि रगडून घासलं की नक्षीचे बारकावे जातात. तेलाचा जुना थर असेल तर राहू द्या.

दुसरी गोष्ट कायद्याची. या सगळ्याचे फोटो सोशल मीडियावर गेले की जुन्या वस्तू घेणारे लोक फोन करतील. करतातच. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर विकता-नेता येत नाही. देशात विकणं हा तुमचा प्रश्न, मी कुणाला उपदेश करणार नाही. ज्याच्या घरी दवाखान्याचं बिल थकलंय त्याला 'वारसा जपा' म्हणणं सोपं असतं. पण विकायचाच असेल तर निदान किलोवर विकू नका. आणि विकायच्या आधी फोटो काढून, चिठ्ठीवरच्या त्या चार ओळी लिहून माझ्याकडं पाठवा. वस्तू गेली तरी नोंद राहील. त्या संध्याकाळी तिथं खरेदी-विक्री होणार नाही, हे मात्र आत्ताच स्पष्ट सांगतो.

दिवे लावायचे का, यावर आमच्यात वाद झाला. एक मित्र म्हणाला, जुनी वस्तू, तडा जाईल, नुसती मांडू. म्युझियममध्ये लावत नाहीत. त्याचं बरोबर आहे. पण एक म्हातारी शेजारीण तिथं बसली होती, ती म्हणाली, "पाडव्याला दिवा काढायचा आन् लावायचा न्हाई? मंग कशाला काढायचा?" शेवटी ठरलं की ज्याचा दिवा त्यानं ठरवायचं. करडईचं तेल मिळवायच्या मागं आहे, दोन घाणेवाल्यांना विचारून ठेवलंय. वाती घरून आणा.

पोरीला इंग्लंडला मी खरं ते कळवलं. लिहिलं की तो दिवा मी विकला, तेव्हा सोळा वर्षांचा होतो, आणि त्याच्या बदल्यात आलेलं पिंप तुझ्या आजीच्या मोरीत अजून आहे, बुडाला डाग दिलेला. तिनं हसायची चित्रं पाठवली आणि मग विचारलं, साखळी कुठं आहे?

साखळी आहे. तिला अडकवून केलेल्या पाळण्यात तिची आई झोपली, नंतर ती स्वतः झोपली. मागच्या आठवड्यात मामाच्या माळ्यावरनं काढून आणली. सात कड्या आणि मध्ये एक मोर, चोच झिजलेली. पाडव्याला मी तेवढीच मांडणार आहे, चिठ्ठी लिहून ठेवलीय. मामाकडून गावाचं नाव नीट लिहून घेतलं, कारण मी इतकी वर्षं ते चुकीचं लिहीत होतो.

तुमच्याकडं काय आहे ते खाली लिहा. फोटो असेल तर टाका, पण दिव्याचाच टाका, शुभेच्छांचे नकोत.